दोन गोळ्यांचा कौल

मी दारू पीत नाही. कधीच प्यायले नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लिव्हरचा कॅन्सर म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात आधी बाटली येते, आणि रोगी बाई असली तर बाटली कोणाची याचा शोध सुरू होतो. आमच्या गावात तो शोध माझ्या नवऱ्यापाशी येऊन थांबला. हे शिमग्यात किंवा कुणाच्या लग्नात दोन घोट घेतात, एवढंच. "घोव पिता आणि बायलेचा लिव्हर जाता, ही खंयची रीत?" असं मी एका शेजारणीला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "वास तरी जाता ना गो नाकात."

मी सुलभा. धामापूरच्या अलीकडे आमचं घर. लग्न होऊन आल्यापासून मी ब्लाउज शिवते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, आता घरी असतात. मुलगा निखिल नोकरीला मुंबईत, राहायला डोंबिवलीत. आणि अंगणापलीकडे मोठे दीर, त्यांना मी भावोजी म्हणते. सातेरीच्या देवळाचे मानकरी. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्यांचा शेवटचा शब्द देवीचा.

अशा हकिगती लोक बरे झाल्यावर लिहितात, 'मी जिंकले' म्हणून. माझं तसं नाही. ज्याला ते हवं असेल त्याने दुसरं काही वाचावं. मी खाटेवर पडलेल्यांसाठी लिहिते आहे. खाटेभोवती उभं राहणाऱ्यांशी बोलायला पुष्कळ जण असतात.

सोनोग्राफी

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पायांनी आलं. उजव्या बरगडीखाली जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं. मी म्हटलं, दिवसभर मशीनवर वाकून बसते, त्याचं असेल. ब्लाउज माझे मलाच सैल व्हायला लागले तेव्हा मी बाजूच्या शिलाया आत घेतल्या. दुसऱ्या कुणा बाईचे असे सैल झाले असते तर मीच तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

कुडाळला सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघतच होते, बघतच होते. मग यांना आत बोलावून विचारलं, "ड्रिंक्स घेतात का?"

"कधीतरी," हे म्हणाले. "लग्नाबिग्नात."

"तुम्ही नाही हो. पेशंट."

हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी खरंच त्यांच्या पाठीमागे काहीतरी करत असेन. त्या दिवसातलं मला तेवढंच लख्ख आठवतं. पुढचे शब्द, गाठ, मोठी आहे, ताबडतोब मुंबईला जा, हे सगळं कोणीतरी दुसरीला सांगत होतं असं वाटलं. परतीच्या एसटीत यांनी जुन्या सवयीने कंडक्टरशी गप्पा मारल्या. मला त्यांचा इतका राग आला की रडूच आलं नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं ते असं. माझ्या रक्तात 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू होता, बहुधा लहानपणापासून. त्याने गुपचूप लिव्हर पोखरलं. गाठ शिरेपर्यंत पोचली होती, म्हणजे ऑपरेशन होणार नव्हतं. वाचणाऱ्यांनी एक करावं, घरात कुणाला हा रोग निघाला तर बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यावं आणि लस टोचून घ्यावी. आमच्या घरच्यांनी घेतली.

पण गावात फक्त 'कावीळ' हा शब्द पोचला. कावीळ म्हणजे लागणार. माझ्याकडे शिवायला आलेले ब्लाउजपीस परत जाऊ लागले. कोणी सांगे लग्न पुढे गेलं, कोणी सांगे रंग आवडला नाही. शाळेतल्या एक बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "सुलभाताई, तुम्हाला सुई टोचते ना मधूनमधून? नाही, आपलं काळजी म्हणून." कापड कापून झालं होतं. तरी त्या पाठ, बाह्या, कटोऱ्या असे तुकडे पिशवीत भरून घेऊन गेल्या. माझ्या हाताचा चहा त्या इतकी वर्षं प्यायल्या होत्या. घर फिरलं की वासे फिरतात हे लहानपणी पाठ केलं होतं, वासे फिरताना बघितले तेव्हा कळलं.

अभ्यास

मुंबईच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे कडू बोलणार आहे ते त्यांच्याबद्दल नाही.

त्यांनी मला, यांना, भावोजींना आणि निखिलला समोर बसवून सांगितलं. अशा कॅन्सरवर एक गोळी आहे, ती गाठीच्या वाढीवरच नेम धरते. आता तिच्या जोडीला तशीच आणखी एक दिली तर जास्त उपयोग होतो का, हे तपासणं चालू आहे. पहिली गोळी सगळ्यांना खरी. दुसरी काहींना खरी आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली.

"कुणाला कुठली, हे कॉम्प्युटर ठरवतो," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी टाकल्यासारखं. तुम्हाला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही."

"म्हंजे कौलच तो," भावोजी म्हणाले.

बाई घाटावरच्या. त्यांना कौल ठाऊक नव्हता. भावोजींनी समजावलं, देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओले तांदूळ लावायचे, प्रश्न विचारायचा, उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. बाई हसल्या. म्हणाल्या, "तसंच म्हणा हवं तर. फक्त यात देव नाही."

"देव नाय असा कसा?" भावोजी म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सुलभाताई, तुमची स्वतःची इच्छा आहे का? नको असेल तर नेहमीचे उपचार चालू राहतील. कोणी रागावणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत निखिल म्हणाला, "हो, आहे." बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मलाच परत विचारलं. तिघे माझ्याकडे बघत होते. मुलाचे डोळे लाल झालेले, यांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला. मी हो म्हटलं. सही केली. मला कोणी फसवलं नाही की जबरदस्ती केली नाही. पण तो होकार माझा होता का, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गावी आल्यावर भावोजी स्वस्थ बसणार नव्हतेच. "डॉक्टरांका म्हायत नसात. पण आमका कळाक व्हया," असं म्हणून त्यांनी मला देवळात नेलं. उभं राहवत नव्हतं म्हणून मी खांबाला टेकून बसले. गुरवाने तांदूळ लावले. भावोजींनी हात जोडून विचारलं, "माये, हिच्या वाटणीक दुसरी गोळी खरी इली आसली तर उजवो कौल दी."

उजवा पडला. लगेच पडला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या औषधाबद्दल कुणाला शंका राहिली नाही. ज्या गोष्टीचं उत्तर मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरकडे नव्हतं, ते आमच्या वाडीतल्या पोराटोरांना ठाऊक झालं.

तळहात

गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत अंगावर यायला लागल्या. रक्तदाब चढला. परसाकडे धावून धावून जीव जाई. जिभेची चव गेली, माशाची आमटी आणि साबणाचं पाणी मला सारखंच. आवाज घोगरा झाला, फोनवर लोक मला 'काका' म्हणत. मग तळहात आणि तळपाय. आधी लाल झाले, मग भाजल्यासारखे, मग फोड येऊन साल निघायला लागली. कात्री धरता येईना. सुईचं नाक दिसत होतं पण दोरा चिमटीत राहत नव्हता. जमिनीला पाय टेकला की निखाऱ्यावर ठेवल्यासारखं होई, म्हणून मी घरातल्या घरात गुडघ्यांवर चालायचे.

अशीच एकदा गुडघ्यांवर न्हाणीघराकडे चालले होते, तर भावोजी आले. माझ्या हातांकडे वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साल गेली मां? औषध लागू पडला गो. दुसरी गोळी खरी म्हणान तर असा झाला. मायेक नारळ दिलंय." आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला.

माझ्या तोंडात फोड होते, खोबरं चावता येत नव्हतं. मी तो तुकडा हातात धरून तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. माणूस वाईट नाही हो. त्यांना खरंच आनंद झाला होता. पण मला वाटलं, तो नारळ त्यांच्या डोक्यात घालावा. मी यातनेत आहे हे आमच्या घरात चांगलं चिन्ह ठरलं होतं. जरा बरं वाटून मी चार घास जेवले की सगळे काळजीत पडायचे.

हे फक्त आमच्याच घरात नव्हतं. तपासणीला मुंबईला जाई तेव्हा त्याच अभ्यासातले इब्राहिमभाई भेटत. देवगड तालुक्यातल्या एका बंदरातले, सगळा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेलेला. आपल्याकडची बोली ऐकली म्हणून त्यांनी ओळख काढली. दर वेळी पहिलं वाक्य ठरलेलं, "दाखव गो बाय हात."

मी हात पुढे करायचे, ते आपले करायचे. लहानपणी मेंदी कोणाची जास्त रंगली ते बघायचो, तसं. त्यांचे तळहात स्वच्छ. जाळी ओढून घट्टे पडलेले, पण एक भेग नाही.

"तुजा बरा आसा," ते म्हणायचे. "माका कायच होना नाय."

डॉक्टरीणबाई ओरडायच्या. पहिल्या गोळीनेसुद्धा साल जाते, नाही गेली म्हणून औषध खोटं असं नाही, उगाच अंदाज बांधू नका. आम्ही माना डोलवायचो आणि त्यांची पाठ वळली की परत हात बघायचो.

त्या दिवसांतल्या चांगल्या गोष्टी दोनच. एक, पेज. काही जात नव्हतं तेव्हा उकड्या तांदळाची पेज जायची. दुसरी, आमचे हे. बोलणं त्यांना कधी जमलं नाही, पण सकाळ-संध्याकाळ माझे पाय मांडीवर घेऊन मलम चोळायचे, सुती मोजे चढवायचे. राहिलेल्या दोन ब्लाउजांना त्यांनी स्वतः हुक लावले. सगळे उलटे लावले. ज्या बाईचे होते तिने ते काहीही न बोलता नेले, देव तिचं भलं करो.

पहिल्या स्कॅनला गाठ थोडी आक्रसली होती. त्या खेपेला आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा भावोजी न्यायला आले होते, आणि रिक्षावाल्यालासुद्धा कौलाची गोष्ट सांगत होते. मी ऐकत होते. मला वाटत होतं, असू दे, खरं असू दे.

उलटा नवस

मग इब्राहिमभाईंचा फोन आला. त्यांची गाठ वाढली होती, त्यांना अभ्यासातून बाहेर काढलं होतं. पण ते खुशीत होते.

"बाय, भायर काढल्यावर उघड करून सांगतत. माजी दुसरी गोळी नुसती पिठाची होती गो. आता खरी देतत."

म्हणजे नियम असा होता. गाठ वाढली की कॉम्प्युटरला विचारून काय मिळत होतं ते सांगतात, आणि दुसरी गोळी औषधाविना असेल तर मग खरी मिळते. मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं. हे भावोजींना सांगायला गेले. तेव्हा आम्हा कुणालाच त्याचं फारसं काही वाटलं नाही.

पुढच्याच स्कॅनला माझी गाठ वाढलेली निघाली. शेजारी दोन नवे ठिपके होते. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. या गोळ्या थांबवूया म्हणाल्या. तुम्हाला काय मिळत होतं ते दुपारपर्यंत कळेल. बाहेर बसा, काही खाऊन घ्या.

आम्ही चौघे बाकावर बसलो. निखिल वडापाव घेऊन आला, कोणी खाल्ला नाही. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं की हिशोब फिरला होता. दुसरी गोळी खरी निघाली, तर माझ्यापाशी जे औषध होतं ते संपलं. ती पिठाची निघाली, तर अजून एक खरं औषध शिल्लक आहे. इतके महिने ज्या गोष्टीसाठी नारळ फुटले, तीच आता नको होती.

हे भावोजींच्याही लक्षात आलं होतं. ते बाकाच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं डोळा लागला असेल. पण ते पुटपुटत होते. हात जोडलेले, मान खाली.

"तू खोटी पड गो माये. एकदा, ह्या पोरीसाठी खोटी पड."

ज्या माणसाने जन्मात देवीच्या शब्दावर शंका घेऊ दिली नाही, घरातल्या पोराने थट्टा केली तर तीन दिवस बोलणं टाकलं, तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला खोटी पडायला सांगत होता. मला हसू आलं. मग माझा त्यांच्यावरचा सगळा राग उठला आणि कुठे टेकायचं ते न कळून माझ्याच छातीत बसला.

बाईंनी आत बोलावलं. त्या आधी पाणी प्यायल्या.

"दोन्ही गोळ्या खऱ्या होत्या," त्या म्हणाल्या.

भावोजी म्हणाले, "कौल खरो होतो," आणि टोपी काढून तोंडावर धरली.

विचारणं

बाईंनी पुढचं सांगितलं. तिसरं एक औषध आहे. थोडा वेळ मिळेलही, मिळणारही नाही. त्रास मात्र पहिल्यासारखाच होईल, आणि दर पंधरवड्याला मुंबई. नाहीतर घरी राहा. दुखण्यावर, पोटात पाणी झालं तर त्यावर, उपचार ओरोसच्या जिल्हा हॉस्पिटलात होतील, मी चिठ्ठी देते. उपचार बंद म्हणजे तुम्हाला सोडून दिलं असं नाही. ठरवा आणि सांगा.

संध्याकाळी निखिलच्या घरी आम्ही बसलो. निखिल मोबाईलवर त्या तिसऱ्या औषधाचं वाचत होता आणि मधेच एखादं वाक्य मोठ्याने म्हणत होता. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकात," ते म्हणाले. "मी आता कौल लावचंय नाय. सुलभाक इचारा. तिका काय व्हया ता."

या घराण्यात मी सून म्हणून आले तेव्हापासून मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घर कुठे बांधायचं, निखिलने काय शिकायचं, मी मशीन ओटीवर ठेवायचं की मागच्या पडवीत, काहीच नाही. आता विचारला. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी खूप बोलेन.

"माका औषध नको," मी म्हटलं. "माका घराक जावचा आसा."

निखिल पुढे सरकला. "आई, म्हणजे तुला थोडी विश्रांती हवी आहे. बरोबर? महिनाभर थांबून मग सुरू करू."

"नाही रे. नको म्हणजे नको."

"एकच गोळी आसली तर?" आमचे हे हळूच म्हणाले. "बारकी?"

मी नकाराची मान हलवली. माझे पाय तेव्हाही त्यांच्या मांडीवरच होते.

मग भावोजी उठून माझ्यासमोर खाली जमिनीवर बसले. मोठा दीर, माझ्यासमोर, जमिनीवर. "आमच्यासाठी घे गो," ते म्हणाले. "एकदा आमच्यासाठी."

मला त्यांना दुखवायचं नव्हतं. पण उत्तर तोंडात तयार होतं, बहुतेक पहिल्या सहीपासूनच तयार होतं.

"भावोजी, आतापर्यंत घेतलंय ता तुमच्यासाठीच."

स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता, तो बंद करायला निखिल उठला आणि तिकडेच उभा राहिला. यांनी माझ्या पायांत मोजे चढवले, एक, मग दुसरा, टाचेपाशी नीट ओढून.

"निखिल," हे म्हणाले, "कुडाळची तिकिटा काढ रे."